अठरा मिलिमीटर

१

यादीत दहा नावं होती. अकरा असायला हवी होती.

मधुरानं बोट टेकवत ती पुन्हा मोजली. दहाच. दोह्याच्या वेस्ट बेमधल्या काचेच्या इमारतीत, एकोणिसाव्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरशेजारी ती यादी लावली होती. तिच्या वर मुख्य कचेरीहून आलेलं रंगीत पोस्टर होतं: 'नोकऱ्या परतल्या!' जशा काही नोकऱ्या आपण होऊन हवा खायला गेल्या होत्या. मधुराचं डोकं फिरायला तेवढं पुरेसं होतं.

नोकऱ्या गेल्या नव्हत्या, घालवल्या होत्या. कंपनी अमेरिकन. पूल दुरुस्तीचे आराखडे करायचे आणि पुलाखाली बसणाऱ्या रबराच्या जाड गाद्या दाबयंत्रात घालून तपासायच्या, हे तिचं दोह्यातलं काम. जून २०२० मध्ये एका फोनवर इंडस्ट्रियल एरियातली लॅब बंद झाली आणि अकरा माणसं घरी बसली. कुणाला साधं पत्रही मिळालं नाही. मार्चच्या सुरुवातीला सुट्टीवर गेलेली मधुरा विमानं थांबल्यामुळे तेव्हा पुण्यातच अडकली होती. तिथून रिपोर्ट तपासत राहिली, म्हणून वाचली.

आता दीड वर्षानं अमेरिकेत नवं सरकार होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिथल्या दोन्ही पक्षांतल्या लोकांनी याच महिन्यात मिळून मतं दिली आणि रस्ते-पुलांचा मोठा कायदा मंजूर झाला. कंपनीला कामाचा पूर दिसू लागला. मुख्य कचेरीनं हुकूम काढला: नवी भरती करण्याआधी काढलेल्यांना परत बोलवा, जो सर्वांत जुना तो आधी. जो स्वतःहून सोडून गेला त्याचा हक्क नाही. लॅबप्रमुखानं आपल्याविरुद्ध जुनी तक्रार नसल्याचं लिहून द्यायचं. यादी गुरुवारी दुपारी तीनला पक्की होणार, त्यानंतर खलास.

आणि सर्वांत जुना होता निवृत्ती ढवळे. परभणीकडचा, अकरा वर्षं दाबयंत्रावर काढलेला. एम. एस्सी.ला पहिली आलेल्या मधुराला यंत्रासमोर पहिल्या दिवशी यानंच उभं केलं होतं आणि म्हणाला होता, "ताई, कानानं बघा. पडद्यावरची रेघ मागून येती." खरंच, गादीच्या आतला पोलादी पत्रा सुटला की निवृत्तीकाकांना तो संगणकाआधी ऐकू यायचा.

मधुरा तडक फायली सांभाळणाऱ्या रुकैयाआपांकडे गेली. "ढवळेंचं नाव का नाही?"

दापोलीच्या रुकैयाआपांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याला काढला नाय गो. त्याने राजीनामा दिलान. फायलीत कागद आहे."

मधुरानं जिन्यात जाऊन फोन लावला. लॅब सुटल्यापासून निवृत्तीकाका ओल्ड एअरपोर्ट भागात एका शाळेची बस चालवत होते. सगळं ऐकून पलीकडे त्यांनी इंजिन बंद केलं.

"राजीनामा? म्या?" मग आवाज चढला. "ताई, दीड वर्ष झालं, माझं दाबयंत्र चालू होईल म्हणून वाट बघायलोय. राजीनामा दिलाय म्हणणाऱ्याला माझ्यासमोर उभं करा. आत्ता!"

२

रुकैयाआपांनी फाईल काढून समोर ठेवली. "फोटो काढू नको. वाच आणि दे."

एकच कागद. निळ्या बॉलपेननं, हिंदीत, एकेक अक्षर ठाशीव:

'मैं, निवृत्ती सोपानराव ढवळे, अपनी मर्ज़ी से यह राज़ीनामा लिख रहा हूँ। अब मुझे किसी से कोई शिकायत नहीं। आगे यह बात मैं कहीं नहीं उठाऊँगा।'

खाली सही. तारीख १२ मार्च २०२०.

'ढ'चं ते गोल पोट तिनं शेकडो तपासणी-तक्त्यांवर पाहिलं होतं. अक्षर निवृत्तीकाकांचंच होतं. साहेब लोकांना कळावं म्हणून मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलेलं, आणि हिंदी शब्द न सापडल्यामुळे आपला मराठी 'राजीनामा' त्यात घातलेला. दोन ठिकाणी 'ज'खाली शाईचा एकेक ठिपका पडला होता. पेन गळत असणार.

"तीन महिन्यांची नोटीस धर," रुकैयाआपा म्हणाल्या. "बारा जूनला पुरी होते. चौदाला लॅब बंद. बरोब्बर बसतंय."

बसतंय खरं, मधुरानं मनात म्हटलं. जरा जास्तच बरोब्बर.

"ही फाईल कुणाकुणाच्या हातातून गेली?"

"माझ्याकडून आधी विजयकुमार सरांकडे. लॅबच्या माणसांचे देवनागरी कागद असतात ना, त्यांचं इंग्रजी तेच करतात. मग पियूषकडे, स्कॅन करायला, आणि शेवटी देवव्रत साहेबांची सही. पण साहेबांकडे इंग्रजी तक्ताच जातो, कागद नाय जात." मग त्यांनी आपली नोंदवही दाखवली. फाईलमधल्या प्रत्येक कागदाची तीत इंग्रजीत नोंद होती. "हे बघ, दोन हजार वीसमध्येच चढवलाय. मागाहून घुसवलेला नाय. मी मजकूर वाचत नाय, कागदाचं नाव तेवढं उतरवते, पण माझी वही खोटं बोलत नाय."

नोंद खरीच होती. फक्त 'राजीनामा' लिहिताना रुकैयाआपांनी 'जे'च्या जागी 'झेड' घातला होता. त्यांचं इंग्रजी तसंही त्यांच्या मर्जीनं चालायचं.

पियूष संगणकावर होता, नागपूरचा, सव्वीस वर्षांचा. डिसेंबरात त्याचा करार संपत होता. अकरावी जागा रिकामी राहिली तर तो लॅबमध्ये जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मधुरा, मी शंभर फायली स्कॅन केल्या यार. मी वाचतो असं वाटतं का तुला?"

"ढवळेंची जागा तुला मिळतेय."

त्याचे कान लाल झाले. "मिळतेय. मग? मला नोकरी नकोय का? माझं नशीब तेवढं चोरी आणि बाकीच्यांचं कष्ट?"

ती तिथून तडक लॅबप्रमुख विजयकुमार सरांच्या खोलीत गेली. सर पूर्वी महाराष्ट्रात सरकारी खात्यात राजपत्रित अधिकारी होते. ती नोकरी सोडून पंधरा वर्षं झाली, तरी सही मात्र अजून हिरव्या शाईनंच. तिच्या रिपोर्टवर तशीच एक ओढत त्यांनी मान हलवली.

"अगं, मलाच जास्त वाईट वाटतंय. हात सोन्याचे, पण डोकं गरम. त्या मार्चमध्ये काय शिरलं त्याच्या मनात, देव जाणे. लिहून मोकळा झाला." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "शुक्रवारी ये घरी. सरोजिनी पुरणपोळ्या करतेय. आणि हे मनाला लावून घेऊ नकोस."

मदिनत खलीफा भागातल्या त्या घरी ती दोह्यात असताना दर महिन्याला जेवत आली होती. सर खोटं कशाला बोलतील?

आता एकच माणूस उरला होता.

३

देवव्रत त्रिपाठी, मनुष्यबळ विभागाचा प्रमुख, लखनौचा. त्याच्या बोलण्यातला 'ज' नेहमी मधमाशीसारखा गुणगुणायचा. मधुरा उभ्यानंच बोलली. मराठी माणसाला हिंदी बोलताना जी घाई होते, त्या घाईत.

"सर, लॅब के निवृत्ती ढवळे. उन्होंने सच में राजीनामा दिया था?"

देवव्रतनं पडद्यावरून नजर हलवली नाही. "ढवळे? हाँ, हाँ, राजीनामा तो हुआ था. यहीं, इसी कुर्सी पर बैठकर लिखा."

"आपके सामने?"

"मेरे सामने. किसी ने ज़बरदस्ती नहीं की. मामला वहीं ख़तम." आता त्यानं वर पाहिलं. "क्यों, अब क्या तकलीफ़ है उसे?"

"उनका नाम लिस्ट में नहीं है."

"लिस्ट काग़ज़ से बनती है, मैडम. जिसका काग़ज़ ठीक, उसका नाम ठीक. तीन सौ लोगों की फ़ाइलें हैं, एक-एक का चेहरा याद करूँ क्या? यल्ला, चलिए अब, मीटिंग है मेरी."

मधुरा बाहेर आली. अक्षर त्यांचं, सही त्यांची, वर डोळ्यांदेखतचा साक्षीदार. म्हणजे या संपूर्ण इमारतीत खोटं बोलणारा एकच होता, आणि तो फोनवर आवाज चढवून तिला म्हणाला होता, 'त्याला माझ्यासमोर उभं करा'.

ठीक आहे. करते उभं.

४

शाळा सुटली होती. कुंपणाला लागून पिवळ्या बसची रांग, आणि त्यातल्या सातव्या बसच्या पायरीशी निवृत्तीकाका पोरांची डोकी मोजत होते. एका मुलीला त्यांनी मराठीत विचारलं, "बाटली घेतली का गं?" ती "येस अंकल" म्हणून आत पळाली.

"काका, मी तो कागद बघितला."

त्यांची मोजणी थांबली.

"तुमचं अक्षर. तुमची सही. देवव्रत सर म्हणतात, त्यांच्यासमोर बसून लिहिलात. मी तुमच्यासाठी सगळ्यांशी भांडतेय आणि तुम्ही मलाच फसवताय?"

"कोन्ता कागद?"

"राजीनामा! बारा मार्चचा!"

त्या तारखेनं काहीतरी झालं. निवृत्तीकाकांचा डावा हात आपोआप गालावर गेला आणि लगेच खाली आला. त्यांनी बसच्या दांड्याला गच्च धरलं.

"राजीनामा म्या दिलेला नाई," ते सावकाश म्हणाले. "त्या दिवशी एक कागद लिहिलाय, ते खरंय. पर त्यात काय व्हतं ते बोलनार नाई, असा शब्द दिलाय म्या. लिहून दिलाय."

"कुणाला?"

"ते बी बोलनार नाई."

"काका, गुरुवारी तीनला यादी बंद होणार! तुमची नोकरी जातेय!"

"जाऊ द्या!" ते एवढ्यानं ओरडले की बसमधली पोरं खिडकीला आली. "नोकरी जाईल. शब्द बी घालवू का? विठाबाईला सुद्दा म्या ते बोललो नाई, ताई. बायकोला! तुमाला सांगू व्हय?" मग ते पायरी चढले. "दोगांनी लिहिलं व्हतं. एवढंच सांगतो. आता सरका, लेकरं खोळंबली."

दार फसकन बंद झालं. बस निघाली आणि मधुरा धुळीत उभी राहिली.

दोघांनी लिहिलं होतं? फाईलमधल्या कागदावर तर एकच सही होती.

५

बुधवारी सकाळी ती पुन्हा नोंदी-खोलीत हजर झाली. या वेळी पिशवीत लॅबची स्टीलची पट्टी होती आणि तुटलेल्या लोखंडाच्या कडा बघायचं दहापट भिंग.

"हे काय गो, ऑपरेशन करतेस की काय?" रुकैयाआपा म्हणाल्या, पण फाईल दिली.

मधुरा काल वाचायला बसली होती आणि वाचण्यातच फसली होती. आज ती शब्द वाचणार नव्हती. कागद हा नुसता एक नमुना आहे असं समजून ती मोजणार होती.

आधी ते ठिपके. भिंगाखाली 'मर्ज़ी' आणि 'राज़ीनामा' या दोन्ही शब्दांतल्या 'ज'खाली बॉलपेननं मुद्दाम टोचलेली खळी दिसली. गळलेली शाई पसरते, खळी पाडत नाही. म्हणजे ठिपके लिहिलेले होते. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला मराठी माणूस 'ज'खाली ठिपका कशाला देईल? मराठीत तो देतच नाहीत. म्हणजे निवृत्तीकाकांनी समोरचा मजकूर बघून उतरवला होता, आणि तो मराठी नसलेल्या कुणीतरी लिहून दिला होता.

मग तिनं कागदाची उंची मोजली. दोनशे एकोणऐंशी. तिनं वहीत २७९ लिहिलं आणि थबकली. साधा ए-फोर कागद २९७ असतो. आकडे उलटसुलट झाले का आपल्या हातून? पुन्हा मोजलं. २७९च.

"आपा, हा अमेरिकन कागद आहे का?"

"असेल. मुख्य कचेरीच्या फॉर्मांना तोच लागतो. जरा आखूड असतो. प्रिंटरजवळ दोन्ही गठ्ठे असतात."

अमेरिकन कागद २७९ मिलिमीटर उंच, हे बरोबर. पण तो रुंदही जास्त असतो, २१६. मधुरानं पट्टी आडवी ठेवली.

२१०.

उंची अमेरिकेची, रुंदी इथली. असा कागद प्रिंटरजवळच्या कुठल्याच गठ्ठ्यात नसतो. हा ए-फोर कागद होता आणि कुणीतरी कापण्याच्या यंत्रावर, अमेरिकन मापाच्या खुणेला लावून, खालचे अठरा मिलिमीटर उडवले होते. सहज कुणी पाहिलं तर वाटावं, आखूड आहे, अमेरिकन असेल.

तिनं भिंग खालच्या कडेवर आणलं. कापलेल्या कडेला चिकटून, केसाएवढे, दोन ठिपके होते. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराची वरची दोन टोकं.

हिरवी.

६

संध्याकाळी घरी जायच्या टॅक्सीत बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. हिरवी टोकं म्हणजे 'व्ही'. म्हणजे विजयकुमार सर. पण त्यातून काय सिद्ध होत होतं? राजीनाम्यावर वरिष्ठ 'मिळाला' म्हणून सही करतोच. उलट ती सही राहिली असती तर कागद जास्त पक्का झाला असता. मग ती कापायची कशाला? आणि ज्याच्यासमोर लिहिला तो लखनवी माणूस तर म्हणतो, राजीनामा झाला होता.

उत्तर समोर होतं आणि तिला ते वाचता येत नव्हतं.

टॅक्सीवाला पाकिस्तानातल्या मर्दानकडचा पठाण होता, पांढऱ्या दाढीचा. त्याच्या रेडिओवर उर्दू बातम्या लागल्या होत्या. सिग्नलला थांबल्यावर तो आरशातून म्हणाला, "कमाल हो गया, बीबी. अमरीका की दोनों पार्टियों में राज़ीनामा हो गया. पुलों का क़ानून पास."

मधुरा त्या मनःस्थितीतही हसली. "दोनों पार्टियों ने राजीनामा दे दिया? फिर सरकार कौन चलाएगा?"

तो वळून बघायला लागला. "दे दिया? बीबी, वो तो इस्तीफ़ा होता है. मैं राज़ीनामा बोल रहा हूँ. सुलह! झगड़ा था, दोनों राज़ी हो गए. मेरे चचा का हुआ था पड़ोसी के साथ, पानी के नाले पर. थाने में बैठकर दोनों ने अंगूठा लगाया."

"दोनों ने?"

"और क्या! एक अंगूठे का भी कोई राज़ीनामा होता है?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. मधुरा त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या कानात देवव्रतचा तो गुणगुणणारा 'ज' वाजत होता. राज़ीनामा तो हुआ था. मामला वहीं ख़तम. तो खोटं बोलला नव्हता. रुकैयाआपांचा 'झेड'ही चुकला नव्हता. दोघांनी एकच शब्द लिहिला-बोलला होता, आणि मराठी कानांनी तिनं दुसराच ऐकला होता.

आणि तसाच दुसरा कुणीतरी ऐकेल, वाचेल, हे ज्याला सुचलं, तो माणूस लखनौचा असणं शक्यच नव्हतं.

"भाईसाब, गाड़ी वापस लीजिए," ती म्हणाली. "वेस्ट बे. शुक्रन."

पण ती पोचली तेव्हा देवव्रत निघून गेला होता.

७

गुरुवारी देवव्रतला दुपारी दोनलाच सवड झाली. त्याच्या खोलीत चौघं होते: देवव्रत, रुकैयाआपा, विजयकुमार सर आणि मधुरा. यादी जायला एक तास होता.

"सर, ये एक काग़ज़ पढ़ दीजिए. ज़ोर से," मधुरा म्हणाली.

देवव्रतनं कपाळाला आठ्या घालत कागद उचलला आणि वाचला. शेवटी त्यानं कागद उलटा करून पाहिला. "ये तो राज़ीनामा है. मैंने ही लिखवाया था. दूसरे साइन कहाँ गए?"

"इस्तीफ़ा है ये?"

"इस्तीफ़ा? दिमाग़ ख़राब है? ये विजयकुमार जी और ढवळे का समझौता है. थप्पड़वाला." तो सरांकडे वळला. "आपने नीचे ख़ुद लिखा था, 'मैं माफ़ी माँगता हूँ', और साइन किया था. जगह कम थी, एकदम किनारे पर."

थप्पड. मधुराला तो गालावर गेलेला हात आठवला. ती मराठीत बोलायला लागली. "तुम्ही निवृत्तीकाकांना मारलंत?"

"आवाज खाली, मधुरा."

"कशासाठी?"

देवव्रतनंच सांगितलं. ढवळेंनी एक गादी नापास लिहिली होती. सरांना ती पास हवी होती. ढवळे ऐकेनात, तेव्हा सगळ्या लॅबसमोर हात उचलला गेला. ढवळेंनी तक्रार केली. गादी शेवटी बदलली गेली, म्हणून दोघांना बसवून मिटवलं.

"आणि आता नव्या कामासाठी लॅबप्रमुखानं आपली जुनी फाईल स्वच्छ आहे असं अमेरिकेला लिहून द्यायचंय," मधुरा म्हणाली. "आणि काकांच्या फायलीत तुमची माफी. कागद फाडून टाकता येत नव्हता, कारण आपांच्या वहीत त्याची नोंद होती. नाहीसा करता येत नाही, तर त्याचा अर्थच बदलायचा. बरोबर?"

"अगं, काहीतरीच काय!" सर हसले, पण हसू एकाच बाजूनं आलं. "चूक झाली माझी. मराठी माणूस मी. राजीनामा वाचलं आणि इंग्रजीत तेच लिहिलं. तुझाही हाच गोंधळ झाला असता."

"झाला ना. दोन दिवस झाला. मी त्या म्हाताऱ्या माणसाला बसच्या दारात खोटारडा म्हणून आले, तरी दिलेल्या शब्दाखातर त्यांनी तोंड उघडलं नाही." तिनं पट्टी टेबलावर आपटली. "पण मी कागद कापला नाही, सर! वाचण्यात चूक झाली असती तर हा दोनशे सत्त्याण्णव भरला असता. दोनशे एकोणऐंशी भरतोय. अठरा मिलिमीटरची चूक कोणत्या भाषेत होते? आणि ज्यावर तुम्ही स्वतः माफी लिहिलीत, तो कागद काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तिनं भिंग देवव्रतपुढे सरकवलं. तो कडेवर वाकला.

"हरा," तो म्हणाला.

सगळ्यांची नजर सरांच्या खिशाकडे गेली. त्यांनी नकळत पेनावर हात ठेवला.

रुकैयाआपा खुर्चीवरून उठल्या. "माझ्या वहीचा आधार घेतलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्या वहीचा. लाज नाय वाटली?"

"देवव्रतजी," सर हिंदीकडे वळले, "पंधरा साल का सवाल है. आपस में बैठकर कुछ..."

"राज़ीनामा?" देवव्रतनं विचारलं.

त्यानं कागदाच्या कापलेल्या कडेवर बोट टेकवलं.

"एक आदमी ने किया था आपके साथ. सुना है आपने, उसने आज तक मुँह नहीं खोला? नौकरी जा रही थी, तब भी नहीं. और आपने उसी को काट दिया." त्यानं ड्रॉवरमधून कोरा कागद काढून टेबलावर सरकवला. "अब आप भी लिखिए, विजयकुमार जी. मराठीवाला."

मग त्यानं संगणक जवळ ओढला. यादीत ओळ वाढवली आणि सर्वांत वर निवृत्ती सोपानराव ढवळे असं टंकलं. घड्याळात दोन एकोणचाळीस झाले होते.

८

रविवारी निवृत्तीकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. कापलेल्या कागदाची सगळी हकिगत रुकैयाआपांनी त्यांना फोनवर सांगितली होती. लिफ्टमधून बाहेर पडताना पोस्टरकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मधुरा दारातच थांबली होती. दोन दिवस पाठ केलेली क्षमेची वाक्यं ऐनवेळी गायब झाली. "काका, मी त्या दिवशी..."

"बोललात ना. मोकळं झालात ना," ते म्हणाले. आवाजात अजून धार होती. "म्या नाई मोकळा झालो. त्यानं मारलं ते गिळलं व्हतं, ताई. पर माझ्याच हातानं लिहिलेल्या कागदानं मला कापावं?" मग लगेच, "पियूषचं काय?"

"लॅब वाढतेय. त्यालाही बहुतेक घेतील, इन्शाल्ला."

"घेऊ द्या. त्याला म्या शिकवीन."

देवव्रतनं नेमणुकीचं पत्र पुढे ठेवलं आणि पेन दिलं. निवृत्तीकाकांनी पेन घेतलं नाही.

"पैले आपकी," ते म्हणाले.

देवव्रतनं मुकाट्यानं सही केली. मग निवृत्तीकाकांनी मधुरासमोर हात पसरला. "पट्टी."

त्यांनी पत्राला उभी पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि आकडा वाचला. त्यांची मान झटक्यात वर आली. जबडा आवळला होता.

"दोनशे एकोणऐंशी!"

"रुंदी मोजा, काका," मधुरा घाईनं म्हणाली. "कागद मुख्य कचेरीचा आहे."

त्यांनी पट्टी आडवी केली. एकदा मोजलं. पुन्हा, दुसऱ्या टोकापासून मोजलं.

"दोनशे सोळा," ते म्हणाले.

मग त्यांनी सही केली, देवव्रतच्या सहीला इतकी खेटून की मधल्या जागेतून कुठलंही पातं गेलं नसतं.